शुल्त्से-डेलिच : माणूस एक की दोन?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीतल्या एका नागरी सहकारी बँकेतून निवृत्त झालो. नोकरीत असताना जी.डी.सी. अँड ए.ची, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची, परीक्षा दिली. तेव्हा सहकाराच्या इतिहासात 'रायफायझन' आणि 'शुल्झ-डेलिश' ही नावं घोकून पाठ केली होती. रायफायझन हे एक गृहस्थ, खेड्यांतल्या पतसंस्थांचे जर्मन जनक, एवढं कळत होतं. पण शुल्झ-डेलिश ही माणसं दोन की एक, यावर बँकेत चहाच्या वेळी वाद व्हायचा. आमचे एक साहेब ठामपणे सांगायचे, की शुल्झ आणि डेलिश असे दोन भागीदार होते. आता नात जर्मन शिकते. तिला या नावाचा अर्थ विचारला तर म्हणाली, 'शूलं' म्हणजे शाळा, तेव्हा शुल्झ म्हणजे शाळामास्तर असणार. खरं काय ते सांगाल का? आणि आम्ही करत होतो तो उच्चार तरी बरोबर होता का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : माणूस एकच. जर्मनीत शहरी पतसंस्थांचा पाया घालणारे ते हे गृहस्थ. त्यांचं नाव हेर्मान शुल्त्से, आणि डेलिच हे त्यांचं गाव. लाइपझिगच्या उत्तरेला, आजच्या सॅक्सनी राज्यात ते आहे. २९ ऑगस्ट १८०८ला तिथंच त्यांचा जन्म झाला. तुमच्या साहेबांचा समज मी पुण्यात जर्मन शिकवत असताना कॉमर्सच्या मुलांकडूनही अनेकदा ऐकला आहे, आणि तो होणं अगदी साहजिक आहे. दोन नावांच्या मध्ये आडवी रेघ, आणि पुढं आपल्या पाठ्यपुस्तकात 'शुल्झ-डेलिश यांनी पतसंस्था काढल्या' असं वाक्य. आदराचं अनेकवचन आणि खरोखरीचं अनेकवचन मराठीत सारखंच दिसतं. त्या 'यांनी'मुळं एका माणसाचे दोन झाले.

आधी उच्चाराचं बघू, कारण त्यात मराठी माणसाला एक सोय आहे. आपल्या पुस्तकांत 'शुल्झ' आलं ते इंग्रजीवाटे, झेड हे अक्षर 'झ' धरून. जर्मनमध्ये त्याचा उच्चार 'त्स' होतो, म्हणजे आपल्या 'चाक'मधला च. डेलिचच्या शेवटी मात्र 'चहा'मधला च आहे. हे दोन्ही च आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेले असतात, त्यामुळं शुल्त्से-डेलिच हे नाव मराठी माणसाला एकदा ऐकलं की चुकत नाही. रोमन लिपीत डेलिचच्या शेवटच्या एका च साठी जर्मन लोक पाच अक्षरं लिहितात. गावांच्या आणि माणसांच्या नावात अशी अक्षरांची रांग दिसली, की ते नाव बहुधा पूर्व जर्मनीतलं, मुळात स्लाव्ह भाषेतलं, असं समजायला हरकत नाही. जर्मन शेतकरी तिकडं वसायला गेले त्याच्या आधीपासून तिथं सोर्ब नावाचे स्लाव्ह लोक राहत होते, आणि गावांची नावं त्यांची टिकली. डेलिच त्यातलंच एक.

आता गावाचं नाव आडनावाला का चिकटलं ते सांगते. १८४८ साली युरोपभर क्रांतीची लाट आली. त्या वर्षी बर्लिनमध्ये प्रशियाची, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याची, राष्ट्रीय सभा भरली. शुल्त्से तेव्हा डेलिचमध्ये न्यायाधीश होते, आणि तिथून ते निवडून गेले. सभेत शुल्त्से आडनावाचे सदस्य एकाहून जास्त होते. अध्यक्षांनी 'शुल्त्से बोलतील' म्हटलं तर उठायचं कुणी? म्हणून ज्याच्या त्याच्या नावापुढं मतदारसंघाचं नाव लावायचं ठरलं. हे झाले शुल्त्से-डेलिच. सभा त्याच वर्षाअखेर बरखास्त झाली, पण जोडनाव त्यांनी कायम ठेवलं आणि त्याच नावानं ते जगाला माहीत झाले. कामकाजाच्या सोयीसाठी लावलेली ही खूण होती. तिच्यात भागीदारी नव्हती, सासरमाहेर नव्हतं आणि सरदारकीही नव्हती. जर्मन संसदेत ही रीत अजून आहे. एकाच आडनावाचे सदस्य असले की कार्यवृत्तात आडनावापुढं कंसात गाव छापतात. उल्ला श्मिट या बाई आरोग्यमंत्री होत्या, त्यांचं नाव 'श्मिट (आखेन)' असं यायचं.

सरदारकीचं मुद्दाम सांगितलं, कारण त्यावरूनही गोंधळ झालेला आहे. १८६४मध्ये समाजवादी पुढारी फेर्डिनांड लासाल यांनी त्यांच्यावर कडक टीका करणारं पुस्तक काढलं. शीर्षकात त्यांना 'बास्तिआ-शुल्त्से फॉन डेलिच' म्हटलं होतं. बास्तिआ हे खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचं नाव. ते पुढं जोडलं आणि मागं उमरावांच्या नावात असतं तसं 'फॉन' घातलं. नावाची अशी दोन्हीकडून ओढाताण केलेली. भांडण होतं ते असं : कामगारांच्या उत्पादक संस्थांना सरकारनं भांडवल द्यावं, असं लासाल म्हणत, तर सरकारचा पैसा आला की सरकारचा हातही येतो, लोकांनी आपल्या पायावर उभं राहावं, असं शुल्त्से म्हणत. सहकारात काम केलेल्या तुम्हाला या वादाची ओळख मी करून द्यायला नको. शुल्त्से यांच्या नावात खरा 'फॉन' कधीच नव्हता.

आता अर्थ. तुमच्या नातीचा अंदाज चुकला आहे, पण तिनं नावाची फोड करून बघितली याचं मला फार बरं वाटलं. शुल्त्सेचा शाळेशी काही संबंध नाही. हे आडनाव एका जुन्या, लांबलचक शब्दाचं झिजलेलं रूप आहे : शुल्टहाइस. त्याचे दोन तुकडे. पहिला 'शुल्ड'. आजच्या जर्मनमध्ये त्याचे दोन अर्थ होतात, अपराध आणि कर्ज. पण मुळातला अर्थ दोहोंपेक्षा रुंद आहे, आणि मराठीत त्याला तंतोतंत शब्द आहे : देणं. पैशाचं देणं, धान्याचं देणं, वेठीचं देणं, जे जे आपण कुणाचं लागतो ते. दुसरा तुकडा 'हाइसन'. हा तुमच्या नातीला पहिल्याच दिवशी शिकवलेला असेल, 'इश हाइसं अमुक अमुक', म्हणजे माझं नाव अमुक. आज त्याचा अर्थ 'नाव असणं', पण पूर्वी त्याचा अर्थ 'हुकमानं सांगणं' असाही होता. तेव्हा शुल्टहाइस म्हणजे लोकांना त्यांचं देणं हुकमानं सांगणारा. तुझ्याकडं इतकं निघतं, अमुक दिवसापर्यंत चुकतं कर, असं सांगायचा अधिकार ज्याला आहे तो.

हा शब्द केवढा जुना आहे बघा. इटलीत राज्य केलेल्या लाँगोबार्ड लोकांचा राजा रोथारी यानं ६४३ साली लॅटिनमध्ये कायदा लिहवून घेतला, त्यातही या अधिकाऱ्याचं नाव त्यांच्या बोलीतल्या रूपात येतं. आपल्याकडं तेव्हा बदामीला दुसरा पुलकेशी नुकताच होऊन गेला होता. पुढं जर्मन मुलखात जागोजाग हा अधिकारी नेमलेला दिसतो. कुठं शहराचा न्यायाधीश, कुठं राजाच्या इस्टेटीचा कारभारी, आणि सगळ्यात जास्त ठिकाणी गावचा मुख्य.

शब्द लांब आणि रोजच्या वापरातला, मग तो झिजणारच. पण प्रत्येक मुलखात वेगळा झिजला, आणि यातच या आडनावाची खरी गंमत आहे. ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनीच्या पट्ट्यात तो 'शुल्त्से' आणि 'शुल्त्स' झाला. त्यातही कुणी झेडच्या आधी टी लिहितं, कुणी लिहीत नाही. शायलेझियात, म्हणजे आजच्या पोलंडच्या नैर्ऋत्य भागात, 'शॉल्त्स' झाला. २०२१ ते २०२५ जर्मनीचे चान्सलर असलेले ओलाफ शॉल्त्स यांचं आडनाव याच रूपातलं. वेस्टफालियात 'शुल्टे', ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला 'शॉल्टेन', हॉलंडमध्ये अधिकाऱ्याला 'स्खाउट' आणि त्यावरून आडनाव 'स्खाउटन'. दक्षिणेत, हेसन आणि वुर्टेम्बेर्गकडं, शब्द फारसा झिजलाच नाही. तिथं अजून 'शुल्टहाइस' आणि 'शुल्टेस' अशी आडनावं भेटतात. सोळाव्या शतकातल्या विद्वानांना आपलं आडनाव लॅटिनमध्ये लिहायची हौस होती, ते झाले 'स्कुल्टेटुस'. ग्योर्लिट्स शहराचे महापौर आणि खगोलशास्त्रज्ञ बार्टोलोमेउस स्कुल्टेटुस हे असेच एक शुल्त्से. आडनावाचं रूप बघून कुठल्या भागातलं घराणं असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. अंदाजच, कारण माणसं हलतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शायलेझियातून लाखो जर्मनांना घरदार सोडावं लागलं, तेव्हा शॉल्त्स हे नाव जर्मनीच्या कानाकोपऱ्यात पोचलं.

वर्तनी एकसारखी का केली नाही, असं नात विचारील. जर्मन शुद्धलेखनाचे नियम १९०१मध्ये ठरले, पण आडनावांना त्यांनी हात लावला नाही. त्याच्या कितीतरी आधी चर्चच्या वहीत पाद्र्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं, पुढं सरकारी वहीत ते उतरलं, आणि तेच कायम झालं. प्रशियात तर १७९४च्या कायद्यानं आडनाव मनाला येईल तसं बदलायला बंदीच आली.

एक गोष्ट आग्रहानं सांगते, कारण नावांचा शोध घेणारे लोक इथंच घसरतात. जर्मनीतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांत शुल्त्स आहे. याचा अर्थ शुल्त्स नावाचा कुणी एक मूळपुरुष होता आणि हे सगळे त्याचे वंशज, असा नाही. बाराव्या-तेराव्या शतकापासून जर्मन मुलखात आडनावं स्थिर व्हायला लागली, आधी शहरांत, मग खेड्यांत. त्या काळात गावोगाव एकेक शुल्टहाइस होता. प्रत्येकाच्या घराला हे नाव पडलं. कधी त्याच्या जमिनीवर नंतर राहायला आलेल्या भलत्याच कुटुंबालाही पडलं, कारण लोक घराच्या नावानं माणसाला ओळखत. तेव्हा नुसतं 'शुल्त्से' या नावावरून माणसाचा पत्ता लागत नाही. गाव विचारावं लागतं. बर्लिनच्या सभेनं तेच केलं.

आमच्या शुल्त्सेंच्या बाबतीत मात्र नाव आणि काम यांचा मेळ होता. लाइपझिग आणि हाल या शहरांत कायदा शिकून १८४१मध्ये ते डेलिचला जमीनदारी न्यायालयाचे न्यायाधीश झाले. म्हणजे देण्याघेण्याचे तंटे रोज त्यांच्यासमोर. त्यात चांभार, सुतार यांची दशा त्यांनी जवळून बघितली. कारखान्याचा माल बाजारात यायला लागलेला. चांभारानं चामडं घ्यायचं ते व्यापाऱ्याकडून उधारीवर, थोडं थोडं, चढ्या भावानं. रोकड नाही म्हणून घाऊक घेता येत नाही, आणि घाऊक घेता येत नाही म्हणून रोकड उरत नाही. १८४९मध्ये शुल्त्सेंनी डेलिचच्या चांभारांची आणि सुतारांची कच्चा माल एकत्र खरेदी करणारी मंडळं काढली, आणि १८५०मध्ये 'फोरशुसफेराइन', म्हणजे सभासदांना आगाऊ पैसे देणारं मंडळ. तुमच्या बँकेची पणजी ती. जवळच्याच आयलेनबुर्ग गावात, जो तो सभासद सगळ्यांच्या देण्याला बांधील, या तत्त्वावर असं मंडळ चाललं, आणि पुढं शुल्त्सेंच्या संस्थांचाही तोच कणा झाला. एकट्या चांभाराला कुणी कर्ज देत नव्हतं. पण सगळे एकमेकांचं देणं अंगावर घेतात म्हटल्यावर सावकारही दार उघडतो.

सरकारची त्यांच्यावर मर्जी नव्हती. १८४८च्या सभेनं लोकांनी कर भरू नयेत असा ठराव केला होता. त्यावरून त्यांच्यावर खटला झाला, ते निर्दोष सुटले, तरी बदली झाली ती दूर पोझन प्रांतातल्या व्रेशेनला. १८५१मध्ये ती नोकरी सोडून ते डेलिचला परतले आणि सहकाराला वाहून घेतलं. प्रशियाचा सहकारी संस्थांचा कायदा १८६७मध्ये झाला, त्यामागं त्यांचेच कष्ट. २९ एप्रिल १८८३ला पोट्सडामला ते वारले. सहकाराच्या कल्पनेला युनेस्कोनं २०१६मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ती नोंद जर्मनीनं पाठवलेली होती, आणि तिच्या मुळाशी शुल्त्से आणि रायफायझन ही दोन नावं आहेत. ही मात्र खरोखरच दोन माणसं.

आपल्याकडं १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा ग्रामीण संस्था रायफायझनच्या वळणाच्या आणि नागरी संस्था शुल्त्सेंच्या वळणाच्या, हे तुम्ही परीक्षेत लिहिलंच असेल. त्याच्याही आधी, १८८९मध्ये, बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' निघाली. ती काढणारे विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर. त्यांच्या आडनावात गाव आहे, शुल्त्सेंच्या नावात डेलिच आहे. मराठीत हेर्मानरावांना आपण सरळ 'डेलिचकर' म्हटलं असतं, आणि तुमच्या बँकेतला वाद कधी झालाच नसता.

*

प्रश्न : शूबर्ट, शूमान या संगीतकारांच्या आडनावातही 'शू' आहे. तो चांभाराचा, की तिथंही दुसरंच काही? (एक वाचक, दादर)

उत्तर : चांभाराचाच. 'शू' म्हणजे जोडा. शूमान हे सरळ आहे, जोड्याचा माणूस. शूबर्टचा 'बर्ट' फसवा आहे, तो हेर्बर्ट, रोबर्टमधला नव्हे. जुन्या जर्मनमध्ये जोडे करणाऱ्याला 'शुओख-वुर्ख्टे' म्हणत, वुर्ख्टे म्हणजे बनवणारा. तोंडातल्या तोंडात ते शूबर्ट झालं. शुस्टर, शूखार्ट ही आडनावंही त्याच धंद्यातली.

*

प्रश्न : बाई, माझी मुलगी हानोव्हरला नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं आहे, त्याचं आडनाव शुल्त्स. आमचं आडनाव पाटील. मुलगा म्हणतो, आपल्या दोघांचं आडनाव एकच आहे, शुल्त्स म्हणजे पाटीलच. घरात सगळ्यांना याचं कौतुक वाटतंय, पण ते खरं आहे का? दुसरं म्हणजे, मुलीला पाटील हे नाव सोडायचं नाही. दोन्ही नावं लावता येतात का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आधी अभिनंदन. जावईबापूंनी अभ्यास केलेला दिसतो. त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे.

बाराव्या-तेराव्या शतकात जर्मन शेतकरी एल्बे नदीच्या पूर्वेला जंगल तोडून नवी गावं वसवायला लागले. जमीनदार हे काम एका म्होरक्याला सोपवायचा. त्यानं माणसं जमवायची, शेतांची वाटणी करायची, गाव उभं करायचं. त्या बदल्यात तोच गावचा वंशपरंपरा शुल्त्से. याचं एक चित्र मी वर्गात नेहमी दाखवायची. एके फॉन रेप्गो यानं तेराव्या शतकात लिहिलेला सॅक्सनीचा कायदाग्रंथ आहे, त्याची चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची सचित्र प्रत हायडेलबेर्ग विद्यापीठात आहे. त्यात एका पानावर जमीनदार म्होरक्याच्या हातात मोहर उठवलेला कागद देतो आहे. म्होरक्याच्या डोक्यावर गवती टोपी आहे, तिच्यामुळं तो लगेच ओळखू येतो. बाजूला गडी कुऱ्हाडीनं झाडं तोडताहेत आणि घर उभारताहेत. त्याखालच्या चित्रात तोच टोपीवाला गावाच्या देवळापुढं न्यायाला बसला आहे. पाटीलकीची सनद आणि पाटलाचा न्यायनिवाडा एकाच पानावर बघावा तसं ते पान आहे.

हक्कही ओळखीचे वाटतील. शुल्त्सेला काही जमीन सारामाफीची असे. न्यायालयात दंड झाला तर दोन हिस्से जमीनदाराला आणि तिसरा हिस्सा त्याला. पुष्कळ ठिकाणी गावची गिरणी किंवा दारूचा गुत्ता चालवायचा हक्कही त्याचाच. बदल्यात त्यानं गावचा सारा गोळा करून द्यायचा, आणि मालकाच्या चाकरीसाठी घोडा बाळगायचा. पाटीलकी विकली-घेतली जायची, तशी ही जागाही विकता येई. निवाडा तो एकटा करत नसे, गावातले पंच बसत आणि काय न्याय तो तेच सांगत. आपल्या गोतसभेत पाटलाचं स्थान असं ते.

शेवटही दोन्हीकडं कायद्यानंच झाला. प्रशियात १८७२च्या कायद्यानं वंशपरंपरा शुल्त्सेपण गेलं. आपल्याकडं परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्यानं गेली, महसुली पाटीलकी १९६२च्या. पद गेलं तरी आडनावं राहिली. शेजारच्या पोलंडात मात्र पदच जिवंत आहे. जर्मन वसाहतवाल्यांकडून घेतलेला 'सोल्तिस' हा शब्द तिथं आजही गावच्या निवडलेल्या मुख्याला लावतात. स्वित्झर्लंडमध्ये लुत्सेर्न परगण्याच्या सरकारचा प्रमुख अगदी अलीकडपर्यंत 'शुल्टहाइस' म्हणवायचा. वुर्टेम्बेर्गमध्ये खेड्याच्या महापौराला १९३०पर्यंत हेच म्हणत.

फरक आहे तो मानाचा. आपल्याकडं 'पाटील' म्हटलं की अजून आवाजात अदब येते, पद नसलेल्यालाही आपण 'या पाटील, बसा' म्हणतो. जर्मनमध्ये 'म्युलर, मायर, शुल्त्से' हा वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ कुणीही, अमका-तमका. नाव इतक्या घरांत झालं की त्यातला मान विरून गेला. मायर या बिचाऱ्याचंही तसंच. तोही एकेकाळी जमीनदाराच्या इस्टेटीचा मोठा कारभारी होता. फक्त म्युन्स्टरच्या आसपास जुन्या शेतवाड्यांची माणसं अजून वाडीच्या नावाआधी 'शुल्त्से' लावतात, आणि तिथं त्याचा रुबाब टिकून आहे. म्हणून मुलीच्या सासरी 'तुमचं घराणं गावचे पाटील' असं कौतुकानं सांगितलंत, तर त्यांना आवडेल, पण कदाचित आश्चर्यही वाटेल.

आता लग्नाचं. दोन्ही नावं लावता येतात, आणि मुलीची वेळ चांगली आहे. जर्मनीत पूर्वी नवराबायकोपैकी एकाचं नाव कुटुंबाचं म्हणून घ्यावं लागे, किंवा दोघांनी आपापलं ठेवायचं. कुटुंबाचं एक नाव घेतलं तर ज्याचं नाव मागं पडलं त्याला ते स्वतःपुरतं जोडता यायचं, पण जोडनाव नवऱ्याला आणि मुलांना मिळत नसे. १ मे २०२५पासून कायदा बदलला. आता दोन्ही नावं मिळून एक जोडनाव दोघांना कुटुंबाचं नाव म्हणून घेता येतं, मध्ये रेघ घालून किंवा न घालता, आणि मुलांनाही तेच मिळतं. दोघांनी आपापलं नाव ठेवलं तरी मुलांना जोडनाव देता येतं. जोडनावात नावं मात्र दोनच, तिसरं चालत नाही.

नाव कुठलं घ्यायचं हे लग्नाची नोंद करताना स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या नोंदणी कार्यालयात, सांगायचं असतं. आधी तिथं भेट घेऊन कागदपत्रांची यादी मागून घ्या. मुलीचा पासपोर्ट भारतीय असेल तर जर्मन कागदावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव एकच राहील हे बघा, नाहीतर विमा, बँक, व्हिसा, सगळीकडं खुलासे देत बसावं लागतं. पासपोर्टात नाव बदलायचं ठरलं तर ते भारतीय वकिलातीतून करावं लागेल, त्याला वेळ धरून ठेवा. आणि आपल्याकडं पासपोर्टात वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं. जर्मन कारकून ते मुलीचं दुसरं पहिलं नाव समजून लिहितात. नोंद पक्की होण्याआधी मसुदा वाचायला देतात, तेव्हा हे तिनं स्वतः नीट तपासावं.